मोटरसायकलच्या एक्झॉस्ट पाइपवरील सिरॅमिक लेप : ‘उष्णता कमी होते’ म्हणजे नेमके काय होते?

पाठाचा उद्देश

मोटरसायकलच्या एक्झॉस्ट पाइपवर, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण सरसकट ‘सायलेन्सर’ म्हणतो त्याच्या इंजिनकडच्या भागावर, सिरॅमिक लेप लावून देणारी दुकाने आता अनेक शहरांत आहेत. ‘लेप लावा, उष्णता कमी करा’ असा त्यांचा दावा असतो. या पाठात आपण हा दावा उष्णता-संक्रमणाच्या नियमांवर तपासणार आहोत. त्यासाठी वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन संकल्पना पुरेशा आहेत. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्या ठाऊक असतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनाही हा पाठ समजायला अडचण येऊ नये.

उदाहरणासाठी तंजावर शहर घेऊ. उन्हाळ्यात तेथे दुपारी हवेचे तापमान ३८ अंश सेल्सिअस असणे नेहमीचे आहे. मोठ्या मंदिराच्या परिसरात किंवा बाजारपेठेत दुचाक्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. बरेच पुरुष वेष्टी नेसतात, त्यामुळे पोटरी उघडी असते. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा पाइप उजव्या बाजूला असतो. म्हणून चटका बसतो तो बहुधा उजव्या पोटरीला, आणि तो चालवणाऱ्याला बसतो तसा शेजारून वाट काढणाऱ्या मुलालाही बसतो. तेव्हा ‘उष्णता कमी होते’ या तीन शब्दांचा अर्थ नीट लावणे हा केवळ परीक्षेचा प्रश्न नाही.

१. पाइपमधील उष्णतेचा प्रवास

पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा चाकापर्यंत पोचत नाही. त्यातला बराचसा भाग गरम वायूंबरोबर एक्झॉस्टमधून बाहेर पडतो. या वायूंपासून आपल्या पोटरीपर्यंत उष्णता चार टप्प्यांनी येते.

(अ) गरम वायूकडून पाइपच्या आतल्या पृष्ठभागाकडे : अभिसरण.
(आ) पाइपच्या धातूतून आतून बाहेर : वहन.
(इ) बाहेर लेप असल्यास त्या लेपातून : वहन.
(ई) बाहेरच्या पृष्ठभागावरून परिसराकडे : हवेच्या हालचालीने अभिसरण आणि त्याच वेळी प्रारण.

विजेच्या मंडलात एकामागोमाग जोडलेले रोध असतात, तशीच ही साखळी आहे. विद्युतदाबाच्या जागी तापमानातील फरक ठेवा आणि विद्युतप्रवाहाच्या जागी उष्णताप्रवाह. मग ओहमच्या नियमासारखेच सूत्र मिळते :

उष्णताप्रवाह = तापमानातील फरक ÷ उष्णतारोध

एखाद्या थराचा प्रति चौरस मीटर उष्णतारोध म्हणजे त्याची जाडी भागिले त्याची उष्णतावाहकता. अभिसरणाचा रोध म्हणजे एक भागिले अभिसरण-गुणांक. साखळीतील सर्वांत मोठा रोध प्रवाह ठरवतो. इतर रोधांच्या तुलनेत नगण्य असलेला रोध दुप्पट केला काय किंवा काढून टाकला काय, प्रवाहात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. या पाठातील बाकीचे सगळे विवेचन या एका वाक्यातून निघते.

२. लेप कशाचा असतो?

बाजारात ‘सिरॅमिक कोटिंग’ या एकाच नावाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिला प्रकार रंगासारखा. सिलिकॉन-आधारित बंधकात सिरॅमिकचे बारीक कण मिसळतात, फवारणी करतात आणि भट्टीत भाजतात. जाडी साधारण २५ ते ५० मायक्रोमीटर. दुचाकीवर सर्वांत जास्त दिसतो तो हाच, बहुधा काळा किंवा करडा.

दुसरा प्रकार चकचकीत. यात ॲल्युमिनियमचे कण असतात आणि लेप भाजल्यावर घासून चमकवतात. जाडी पहिल्याइतकीच, पण पृष्ठभाग प्रारण कमी करणारा.

तिसरा प्रकार खरा उष्णतारोधक लेप. सिरॅमिकची पूड प्लाझ्माच्या झोतात वितळवून पृष्ठभागावर मारतात. जाडी १०० ते ४०० मायक्रोमीटर. यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ म्हणजे वजनाने ६ ते ८ टक्के यिट्रिया मिसळलेले झिर्कोनिया. विमानाच्या जेट इंजिनातील टर्बाइनच्या पात्यांवर तोच असतो.

झिर्कोनियाच का? त्याचा वितळबिंदू सुमारे २७०० अंश सेल्सिअस आहे आणि उष्णतावाहकता सिरॅमिकच्या मानानेही कमी आहे. धातूत उष्णता मुख्यतः मुक्त इलेक्ट्रॉन वाहून नेतात. सिरॅमिकमध्ये असे इलेक्ट्रॉन नसल्याने स्फटिकजालाची कंपने ते काम करतात. झिर्कोनियात यिट्रिया मिसळल्यावर जालात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि या रिकाम्या जागांवर कंपने विखुरली जातात. त्यामुळे भरीव पदार्थाची वाहकता प्रति मीटर प्रति केल्विन २ ते २.५ वॅट इतकी राहते. प्लाझ्मा फवारणीने बनलेल्या लेपात बारीक पोकळ्या असल्याने ती १ वॅटच्या आसपास येते. तुलनेसाठी : साध्या पोलादाची वाहकता सुमारे ५०, तर स्टेनलेस पोलादाची जातीनुसार १५ ते २५.

यिट्रियाचे आणखी एक काम आहे. शुद्ध झिर्कोनियाची स्फटिकरचना ११७० अंशांच्या आसपास बदलते आणि त्या वेळी आकारमानात ४ ते ५ टक्के फरक पडतो. वितळून थंड होताना असा फरक पडला तर लेपाचे तुकडे होतात. यिट्रिया ही रचना स्थिर ठेवते.

३. रोधांची साखळी आकड्यांत

आता इंजिनाच्या हेडजवळचा पाइपचा भाग घेऊ. पुढील गृहीतके हिशेबासाठी धरली आहेत. प्रत्येक गाडीत ती थोडी वेगळी असतील, पण त्यांची पातळी वास्तवाला धरून आहे.

वायूचे तापमान ६०० अंश. आतील अभिसरण-गुणांक प्रति चौरस मीटर प्रति केल्विन १०० वॅट. पाइपची जाडी १.५ मिलिमीटर, पोलादाची वाहकता २५. गाडी गर्दीतून संथ चालली आहे, म्हणून बाहेरील अभिसरण-गुणांक २०. हवा ३८ अंश, म्हणजे ३११ केल्विन. पाइप क्रोमचा, थोडा रंग बदललेला, उत्सर्जकता ०.३.

प्रत्येक टप्प्याचा रोध (चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट) :

वायूकडून पाइपकडे : १ ÷ १०० = ०.०१
पोलादी भिंत : ०.००१५ ÷ २५ = ०.००००६
रंगासारखा लेप, ३० मायक्रोमीटर, वाहकता १ : ०.००००३
प्लाझ्मा लेप, ३०० मायक्रोमीटर, वाहकता १ : ०.०००३
बाहेरून परिसराकडे : सुमारे ०.०३

ही यादी काळजीपूर्वक पाहा. रंगासारख्या लेपाचा रोध आतील वायूच्या रोधाच्या तीनशेव्या भागाइतका आहे. दहापट जाड प्लाझ्मा लेपाचा रोधसुद्धा एकूण रोधाच्या एक टक्क्याहून कमी भरतो. वाहकता कमी आहे हे खरे, पण जाडीही तितकीच कमी आहे, आणि रोध या दोहोंच्या भागाकारातून ठरतो. दुकानदार फक्त पहिला आकडा सांगतो.

लेप नसताना समतोल काढू. आतून येणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी व्हायला हवी. बाहेर जाणारी उष्णता म्हणजे अभिसरण अधिक प्रारण. प्रारणासाठी स्टेफान-बोल्ट्झमनचा नियम वापरायचा. त्यातील स्थिरांक ५.६७ × १० चा उणे आठवा घात, आणि तापमाने केल्विनमध्ये.

पृष्ठभाग ४६५ अंश धरल्यास :
आतून : १०० × (६०० − ४६५) = १३,५०० वॅट प्रति चौरस मीटर
अभिसरण : २० × (४६५ − ३८) = ८,५४० वॅट
प्रारण : सुमारे ४,९०० वॅट
बाहेर एकूण : सुमारे १३,४४० वॅट

दोन्ही बाजू जुळतात. म्हणजे उघड्या पाइपचे तापमान साधारण ४६५ अंश.

आता यावर ३०० मायक्रोमीटरचा प्लाझ्मा लेप असा लावला की उत्सर्जकता बदलत नाही, असे समजा. लेपाच्या दोन बाजूंमधील फरक १३,५०० × ०.०००३, म्हणजे ४ अंश. बाहेरचा पृष्ठभाग अवघा ३ अंशांनी थंड होतो. ३० मायक्रोमीटरच्या लेपाने हा फरक अर्धा अंशही होत नाही.

४. मग तापमान कमी कसे दिसते?

लेप लावल्यावर पाइपचे तापमान खरोखर उतरले, असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. पण त्याचे कारण वेगळे आहे. लेपाने उष्णता अडवलेली नसते. पृष्ठभागाची उत्सर्जकता बदललेली असते.

काळ्या किंवा करड्या सिरॅमिक लेपाची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास असते. वरचाच हिशेब ०.३ ऐवजी ०.९ घेऊन पुन्हा करू. लेपाचा रोध नगण्य म्हणून सोडून देऊ.

पृष्ठभाग ४१५ अंश धरल्यास :
आतून : १०० × (६०० − ४१५) = १८,५०० वॅट
अभिसरण : २० × (४१५ − ३८) = ७,५४० वॅट
प्रारण : सुमारे १०,९५० वॅट
बाहेर एकूण : सुमारे १८,४९० वॅट

पृष्ठभाग ४६५ वरून ४१५ वर आला, म्हणजे ५० अंशांनी उतरला. पण बाहेर पडणारी एकूण उष्णता १३,५०० वरून १८,५०० वॅटवर गेली, म्हणजे सुमारे ३७ टक्क्यांनी वाढली. पोटरीकडे थेट जाणारे प्रारण तर दुपटीहून अधिक झाले.

या पाठातील मध्यवर्ती निष्कर्ष हा आहे : पृष्ठभागाचे तापमान कमी होणे आणि बाहेर येणारी उष्णता कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि येथे त्या एकमेकींच्या उलट दिशेने जातात. पाइप थंड झाला तो जास्त उष्णता बाहेर टाकल्यामुळे.

यावरून आणखी तीन गोष्टी निघतात.

पहिली, जुन्या गंजलेल्या पाइपची उत्सर्जकता मुळातच ०.८ च्या आसपास असते. अशा पाइपवर काळा लेप लावून तापमानात सांगण्यासारखा फरक पडणार नाही. पाइप गंजण्यापासून वाचेल, एवढेच.

दुसरी, चकचकीत लेपाचा परिणाम उलटा होतो. तो प्रारण कमी ठेवतो, त्यामुळे शेजारच्या वस्तूंना आणि पायाला झळ कमी लागते. पण पाइप मात्र जास्त तापलेला राहतो, म्हणून स्पर्श झाल्यास धोका अधिक.

तिसरी, गाडी वेगाने धावत असेल तर हवेचे अभिसरण प्रबळ होते आणि उत्सर्जकतेचे महत्त्व घटते. बाहेरील गुणांक ८० धरला तर उघडा पाइप ३३८ अंशांवर आणि काळा लेप लावलेला ३१८ अंशांवर स्थिर होतो. ५० अंशांचा फरक २० वर येतो.

काळ्या लेपाचा एक खरा फायदा मात्र मान्य करायला हवा. गाडी उभी करून इंजिन बंद केल्यावर आतून उष्णता येणे थांबते. मग पाइप जितके जास्त प्रारण करील तितका लवकर निवेल. स्थिर हवेतील अभिसरण-गुणांक १० धरून ढोबळ हिशेब केला तर उघड्या क्रोम पाइपला ६० अंशांपर्यंत यायला सुमारे २० मिनिटे लागतात आणि काळ्या लेपाच्या पाइपला सुमारे साडेबारा. गाड्यांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही साडेसात मिनिटे मोलाची आहेत. ती मिळतात उत्सर्जकतेमुळे. उष्णतारोधाचा त्यात वाटा नाही.

५. इन्फ्रारेड गनचा चकवा

अनेक ठिकाणी लेपापूर्वी आणि लेपानंतर इन्फ्रारेड गनने तापमान मोजून दाखवतात. हे उपकरण तापमान थेट मोजत नाही. ते प्रारण मोजते आणि उत्सर्जकता ०.९५ असल्याचे गृहीत धरून तापमान सांगते. स्वस्त गनमध्ये हा आकडा बदलताही येत नाही.

चकचकीत क्रोमवर गन रोखली तर प्रारण कमी असल्याने ती ४६५ ऐवजी ३०० च्याही खालचा आकडा दाखवील. काळ्या लेपावर मात्र आकडा जवळजवळ बरोबर येईल. म्हणजे नव्या क्रोमवर काळा लेप लावला तर गननुसार तापमान वाढलेले दिसेल. उलट गंजलेल्या पाइपवर चकचकीत लेप लावला, तर काहीही न करता शे-दीडशे अंशांची ‘घट’ दाखवता येते. जाहिरातीत गनने घेतलेले दोन आकडे असतील, तर पहिला प्रश्न हा विचारावा : दोन्ही पृष्ठभागांची उत्सर्जकता सारखी होती का?

६. जेट इंजिनात हाच लेप का चालतो?

मग विमान-अभियंते या लेपावर इतका भर का देतात? १९६० च्या दशकात अमेरिकेच्या एक्स-१५ या रॉकेट-विमानाच्या इंजिनात झिर्कोनियाचा लेप वापरला गेला. १९७० च्या दशकात नासामध्ये यिट्रियाच्या प्रमाणावर संशोधन होऊन आजचे ६ ते ८ टक्के प्रमाण पुढे आले. टर्बाइनमध्ये त्याचा उपयोग निर्विवाद आहे. कारण तेथील उष्णताप्रवाह.

लेपातील तापमान-फरक = उष्णताप्रवाह × लेपाचा रोध. टर्बाइनच्या पात्याच्या आतून थंड हवा खेळवलेली असते, बाहेरून धगधगते वायू वेगाने वाहतात. प्रवाह प्रति चौरस मीटर ५ लाख वॅट धरला, तर ३०० मायक्रोमीटरच्या लेपात ५,००,००० × ०.०००३, म्हणजे १५० अंशांचा फरक पडतो. मोटरसायकलच्या पाइपमध्ये प्रवाह आहे १३,५०० वॅट आणि फरक ४ अंश. लेप तोच, रोधही तोच. टर्बाइनमध्ये दोन्ही बाजूंचे रोध अतिशय लहान असतात, म्हणून लेपाचा रोध मोठा ठरतो. पाइपमध्ये बाहेरची हवा हाच मोठा अडथळा आहे, आणि तिच्यापुढे लेपाची डाळ शिजत नाही.

‘विमानात वापरले जाणारे तंत्रज्ञान’ हे वाक्य म्हणून खरे असूनही दिशाभूल करू शकते.

७. लेपाला तडे का जातात?

तापमान वाढले की धातू आणि सिरॅमिक दोन्ही प्रसरण पावतात, पण सारखे नाही. प्रत्येक अंशामागे स्टेनलेस ३०४ पोलादाची लांबी दहा लाखांत सुमारे १७ भागांनी वाढते, झिर्कोनियाची १०.५ भागांनी. पाइप ४४० अंशांनी तापला तर दोहोंच्या वाढीतला फरक ६.५ × ४४०, म्हणजे दहा लाखांत सुमारे २,८६० भाग, म्हणजे जवळजवळ ०.३ टक्के. ठिसूळ सिरॅमिकला इतका ताण सहन होत नाही. ४०९ जातीच्या फेरिटिक स्टेनलेस पोलादाची वाढ ११ ते १२ भाग असल्याने तेथे हा प्रश्न सौम्य असतो. लेप टिकणार की सुटणार हे लेपाइतकेच खालच्या धातूवर अवलंबून असते ते यामुळे.

यावर उपाय दोन. धातू आणि सिरॅमिक यांच्यामध्ये निकेल, क्रोमियम, ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा जोडथर द्यायचा, आणि सिरॅमिकमध्ये बारीक पोकळ्या ठेवायच्या. पोकळ्यांमुळे लेप किंचित लवचिक होतो.

उष्णता सोसणारा थर एकदम जाड न देता क्रमाक्रमाने द्यावा, हे तत्त्व तंजावर जिल्ह्याला नवे नाही. याच जिल्ह्यातील स्वामिमलै येथे धातूच्या मूर्ती ओततात. मेणाच्या मूर्तीवर आधी कावेरीच्या गाळाच्या अतिशय मऊ मातीचा पातळ थर देतात, तो वाळला की त्यावर अधिक भरड मातीचे थर चढवतात. मऊ थर बारीक नक्षी पकडतो, भरड थर आकसताना आणि तापताना तडे आवरतात आणि वायूंना वाट देतात. मग साचा तापवून मेण काढून टाकतात आणि वितळलेला धातू ओततात. तेथे साचा एकदाच तापतो आणि नंतर फोडायचाच असतो. मोटरसायकलचा लेप मात्र रोज तापतो, रोज निवतो आणि पावसात तापलेला असतानाच भिजतो. म्हणून त्याची कसोटी अधिक कठीण.

८. स्पर्श झाला तर लेप वाचवतो का?

त्वचेचे नुकसान तापमान आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असते. त्वचा ६० अंशांना साधारण ५ सेकंदांत आणि ७० अंशांना साधारण १ सेकंदात खोलवर भाजते. ४१५ काय किंवा ४६५ काय, पोटरीला दोन्ही सारखेच.

पण सिरॅमिक उष्णता हळू सोडते, म्हणून चटका कमी बसत असेल का? थरातून उष्णता आरपार यायला लागणारा वेळ साधारण जाडीचा वर्ग भागिले उष्णता-विसरणांक इतका असतो. फवारलेल्या झिर्कोनियाचा विसरणांक प्रति सेकंद ०.४ चौरस मिलिमीटर धरू. ३० मायक्रोमीटरसाठी वेळ येतो सुमारे २ मिलिसेकंद, ३०० मायक्रोमीटरसाठी पाव सेकंदाहून कमी. पाय झटकायला याहून जास्त वेळ लागतो. पातळ लेपाला स्पर्शसुरक्षा समजू नये.

चटका बसलाच तर जखमेवर साधे वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तेल लावू नये. फोड मोठा असेल किंवा त्वचा पांढरी पडली असेल तर डॉक्टरांकडे जावे.

९. उष्णता खरोखर कमी करायची असेल तर

रोध वाढवायचा असेल तर जाडी हवी किंवा हवा हवी. ४०० अंशांना स्थिर हवेची वाहकता सुमारे ०.०५ असते. फक्त १ मिलिमीटर स्थिर हवेचा रोध ०.००१ ÷ ०.०५ = ०.०२, म्हणजे ३०० मायक्रोमीटरच्या प्लाझ्मा लेपाच्या सुमारे ६७ पट. अर्थात हवेच्या फटीतून प्रारण चालूच राहते, त्यामुळे प्रत्यक्ष लाभ थोडा कमी.

जाळीदार पत्र्याची ढाल. पाइप आणि पाय यांच्यामध्ये, थोडी फट सोडून बसवलेला छिद्रांचा पत्रा. पायाला आता पाइप दिसत नाही, पत्रा दिसतो. फटीतून हवा खेळत राहिल्याने पत्रा पाइपपेक्षा बराच थंड राहतो. दुचाकीसाठी सर्वांत साधा आणि खात्रीचा उपाय हाच. कंपनीने बसवलेली ढाल ‘दिसायला बरी नाही’ म्हणून काढून टाकू नये.

काचतंतू किंवा बेसाल्टतंतूची पट्टी. २ मिलिमीटर जाडीची, वाहकता ०.१ धरल्यास रोध ०.०२. वरच्याच गृहीतकांत बाहेरचा पृष्ठभाग २९७ अंशांवर आणि प्रवाह सुमारे १०,१०० वॅटवर येतो. म्हणजे एकूण उष्णता पावभाग घटली. पण आतील पाइप ४६५ वरून सुमारे ४९९ अंशांवर चढतो. उष्णता बाहेर जायची अडली की धातू तापणारच. पट्टीत पावसाचे पाणी राहून पाइप गंजतो, हा दुसरा तोटा.

दुहेरी भिंतीचा पाइप. दोन नळ्यांमध्ये हवेची फट. यात आणखी एक हेतू साधतो. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ निकष लागू आहेत आणि पेट्रोल मोटरसायकलींच्या एक्झॉस्टमध्ये उत्प्रेरक परिवर्तक असतो. तो साधारण २५० ते ३०० अंशांना पोचल्यावरच नीट काम करू लागतो. त्याच्या आधीच्या नळीत उष्णता राखली तर थंड इंजिन सुरू झाल्यानंतरचे प्रदूषण घटते. पाइपवर उष्णतारोध वापरण्याचे हे भक्कम अभियांत्रिकी कारण आहे. उलट तेथे प्रारण वाढवणारा काळा लेप लावला तर वायू थोडे अधिक निवतात.

सिरॅमिक लेपाचे स्वतःचे गुण आहेतच : गंज रोखणे, रंग टिकवणे आणि बंद गाडीचा पाइप लवकर निववणे. यासाठी तो घ्यायला हरकत नाही.

१०. करून पाहण्याचा प्रयोग

साहित्य : एकाच नळीचे तीन तुकडे, के-प्रकारची तीन थर्मोकपल, उष्णतारोधक काळा रंग, हॉट एअर गन, इन्फ्रारेड गन.

एक तुकडा घासून चकचकीत ठेवा, दुसऱ्याला बाहेरून काळा रंग द्या, तिसऱ्याभोवती काचतंतूची पट्टी गुंडाळा. प्रत्येकाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर थर्मोकपल पक्के बसवा. आतून हॉट एअर गनची सारखीच हवा सोडा आणि आकडे स्थिर झाल्यावर नोंदवा. मग त्याच जागी इन्फ्रारेड गनने मोजा. शेवटी प्रत्येक तुकड्यापासून ५ सेंटिमीटरवर काळा रंगवलेला पातळ पत्रा धरून त्याचे तापमान किती चढते ते पाहा. हा पत्रा म्हणजे तुमची पोटरी. चकचकीत तुकड्यावर नाण्याएवढा काळा ठिपका दिला तर इन्फ्रारेड गनची चूक जागेवरच दिसेल.

सारांश

लेप उष्णता नाहीशी करत नाही, तिची वाट बदलतो. पातळ सिरॅमिक थराचा उष्णतारोध मोटरसायकलच्या पाइपमधील इतर रोधांपुढे नगण्य आहे. दिसणारा परिणाम उत्सर्जकतेचा असतो. म्हणून ‘किती टक्के उष्णता कमी होते’ या दाव्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत : कोणत्या पृष्ठभागाचे तापमान मोजले? कशाने मोजले? आणि जी उष्णता येथे कमी झाली, ती गेली कुठे?

स्वाध्याय

१. बाहेरील अभिसरण-गुणांक ८० धरून उघड्या आणि काळ्या लेपाच्या पाइपचे समतोल तापमान काढा. पाठात दिलेल्या ३३८ आणि ३१८ या आकड्यांशी पडताळा.
२. वरील उदाहरणात लेपामुळे पृष्ठभागाचे तापमान ५० अंशांनी कमी करायचे आहे, पण उत्सर्जकता ०.३ च ठेवायची आहे. लेपाची वाहकता १ असेल तर जाडी किती लागेल? तेवढा जाड लेप तापण्या-निवण्यात टिकेल का?
३. लेप पाइपच्या बाहेरून न लावता आतून लावला तर उत्सर्जकतेचे काय होईल? धातूचे तापमान कोणत्या दिशेने बदलेल?
४. चिनीमातीच्या कपाचा कान धरता येतो, पण सिरॅमिक लेपाचा पाइप धरता येत नाही. जाडी, वाहकता आणि तापमान यांच्या आधारे कारण लिहा.